आयर्लंडची आठवी घटनादुरुस्ती: राज्यघटनेत गेलेलं एक वाक्य पस्तीस वर्षं बाहेर निघेना, त्याची उकल

आयर्लंडमधला गर्भपाताचा वाद समजून घ्यायचा असेल तर चर्चला थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी राज्यघटनेचं कलम ४०.३.३ वाचा. चर्चचा वाटा मोठा होताच. पण कॅथलिक बहुसंख्य देश युरोपात इतरही आहेत. इटलीत १९७८ पासून गर्भपात कायदेशीर आहे. आयर्लंडमध्ये गाडी अडली कारण धार्मिक भूमिका थेट राज्यघटनेत लिहिली गेली, आणि तीही अशा शब्दांत की तिचा अर्थ लावण्याचं काम शेवटी रात्रपाळीच्या डॉक्टरवर येऊन पडलं.

बंदी होतीच, मग घटना कशाला बदलली?

आयर्लंडमध्ये गर्भपात हा गुन्हा ठरला तो ब्रिटिश काळात. १८६१ च्या कायद्याची ५८ आणि ५९ ही कलमं स्वतंत्र आयर्लंडनंही तशीच ठेवली. शिक्षा होती जन्मठेपेपर्यंत, स्त्रीलाही आणि मदत करणाऱ्यालाही. ब्रिटननं १९६७ मध्ये स्वतःचा कायदा सैल केला, पण त्याचा आयर्लंडशी संबंध नव्हता.

धास्ती संसदेची नव्हती, न्यायालयांची होती. १९७३ मध्ये दोन निकाल आले. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयानं गोपनीयतेच्या हक्कातून गर्भपाताचा हक्क काढला. त्याच वर्षी आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं मॅगी खटल्यात सांगितलं की विवाहित जोडप्यानं स्वतःसाठी गर्भनिरोधकं मागवली तर सरकार अडवू शकत नाही, कारण वैवाहिक आयुष्य ही खासगी बाब आहे. गर्भपातविरोधी मंडळींनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले. आज गर्भनिरोधकं, उद्या गर्भपात, ही त्यांची शंका कायद्याच्या तर्काला धरूनच होती. न्यायाधीशांचा हात बांधायचा तर घटनेतच लिहायला हवं, या हिशोबानं १९८१ मध्ये संघटित मोहीम सुरू झाली.

वेळ त्यांच्या पथ्यावर पडली. जून १९८१ ते नोव्हेंबर १९८२ या दीड वर्षात आयर्लंडमध्ये तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. सरकार तरत नाही अशा काळात कोणत्याच मोठ्या पक्षाला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. दोन्ही प्रमुख पक्षांनी शब्द देऊन टाकला. पुढे पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड यांना त्यांचे महाधिवक्ता पीटर सदरलँड यांनी बजावलं की हा मजकूर संदिग्ध आहे आणि ज्यासाठी तो आणला त्याच्या नेमका उलट परिणाम होऊ शकतो. सरकारनं सुचवलेला पर्यायी मजकूर संसदेत टिकला नाही. ७ सप्टेंबर १९८३ ला सार्वमत झालं. जेमतेम ५४ टक्के मतदान, त्यातली सुमारे ६७ टक्के मतं बाजूनं. या आठव्या दुरुस्तीनं कलम ४०.३.३ म्हणून घटनेत गेलेल्या वाक्याचा आशय असा:

न जन्मलेल्याचा जगण्याचा हक्क राज्य मान्य करतं. आणि मातेच्या जगण्याच्या समान हक्काची योग्य दखल घेऊन, आपल्या कायद्यांनी त्या हक्काचा आदर करण्याची आणि शक्य असेल तितपत त्याचं रक्षण करण्याची हमी देतं.

वाचायला सरळ वाटतं. वापरायला घेतलं की गाठी दिसतात. 'न जन्मलेला' कधीपासून धरायचा? गोठवून ठेवलेला भ्रूण त्यात येतो का? याचं उत्तर यायला २००९ उजाडलं (सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही). 'समान' हक्क म्हणजे दोघांचे हक्क एकमेकांवर आले की कोणाचा वरचढ? 'शक्य तितपत' हे ठरवणार कोण? घटनेत असं मोघम वाक्य असेल तर संसदेनं खाली तपशीलवार कायदा करायचा असतो. आयरिश संसदेनं तो तीस वर्षं केला नाही, कारण या विषयाला हात लावणाऱ्याची जागा जायची.

'जीव' आणि 'आरोग्य'

सदरलँड यांचा इशारा १९९२ मध्ये खरा ठरला. १४ वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला, गर्भ राहिला. आईवडील तिला घेऊन इंग्लंडला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी पोलिसांना विचारलं होतं की गर्भाची डीएनए तपासणी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालेल का. चौकशी वर महाधिवक्त्यांपर्यंत गेली आणि त्यांनी कलम ४०.३.३ दाखवून मनाईहुकूम मिळवला. कुटुंब परत आलं आणि उच्च न्यायालयानं मुलीला नऊ महिने देशाबाहेर जायला बंदी घातली. मुलगी आत्महत्येच्या विचारात होती.

सर्वोच्च न्यायालयानं ५ मार्च १९९२ ला चार विरुद्ध एक मतानं ही बंदी उठवली. त्यासाठी घालून दिलेली कसोटी पुढची २६ वर्षं आयरिश डॉक्टरांच्या डोक्यावर राहिली: मातेच्या जिवाला, नुसत्या आरोग्याला नव्हे, खरा आणि लक्षणीय धोका असेल आणि गर्भपाताशिवाय तो टळणार नसेल, तरच गर्भपात वैध. आत्महत्येचा धोकाही त्यात धरला गेला. म्हणजे गर्भपात कायमचा रोखायला आणलेल्या वाक्यातूनच कायदेशीर गर्भपाताचा पहिला दरवाजा निघाला.

दरवाजा मात्र अरुंद. मूत्रपिंडं कायमची निकामी होतील, नजर जाईल, कर्करोगावरचे उपचार लांबतील, हे सगळं 'आरोग्य'. मरणाची शक्यता दिसेल तेव्हा 'जीव'. वैद्यकशास्त्रात या दोहोंमध्ये अशी रेघ नसते. आजार एकातून दुसऱ्यात सरकतो, आणि काही आजार तासाभरात सरकतात.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मतदारांपुढे तीन प्रश्न ठेवले गेले. आत्महत्येचं कारण वगळायचं का? नाही. गर्भपातासाठी परदेशी जायला मुभा? हो. परदेशातल्या सेवांची माहिती द्यायला मुभा? हो. आत्महत्येचा मुद्दा २००२ मध्ये पुन्हा विचारला, तोही सुमारे साडेदहा हजार मतांनी पडला. निष्पन्न काय, तर इथे करू नका, तिकडे जाऊन करा, अशी घटनात्मक व्यवस्था उभी राहिली. इंग्लंड-वेल्समधल्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या स्त्रियांची नोंद २००१ मध्ये ६,६७३ होती. १९९५ च्या माहिती कायद्यानुसार डॉक्टर पत्ते देऊ शकत, पण रुग्णासाठी तिथली वेळ ठरवून देऊ शकत नसत. गुंतागुंतीच्या आजाराची बाई स्वतःच फाईल घेऊन विमानात बसे. जिच्याकडे पैसे नाहीत, व्हिसा नाही किंवा जी आश्रयार्थी आहे, तिला हा मार्गही बंद.

गॉलवे, ऑक्टोबर २०१२

सविता हलप्पनवार मूळच्या बेळगावच्या. ३१ वर्षांच्या, दंतवैद्य, १७ आठवड्यांच्या गरोदर. रविवारी, २१ ऑक्टोबरला पाठदुखी घेऊन त्या गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात गेल्या. पाण्याची पिशवी फुटली ती मध्यरात्रीनंतर, सोमवार सुरू झाल्यावर. इथे वैद्यकीय बाजू नीट समजून घ्यायला हवी.

१७ व्या आठवड्यात पिशवी फुटली की गर्भ वाचत नाही. बाहेर जगण्याची शक्यता साधारण २३-२४ आठवड्यांपासून सुरू होते. गर्भपात अटळ असतो, कधी होणार इतकाच प्रश्न. पिशवी फुटल्यामुळे योनीमार्गातले जंतू गर्भाशयात चढायला वाट मोकळी होते. अशा वेळी दोन पर्याय असतात. औषध देऊन गर्भाशय रिकामं करायचं. किंवा थांबायचं, पण ताप, नाडी, श्वास, रक्तदाब ठरलेल्या तासांनी मोजत आणि रक्ताचे अहवाल हातात ठेवत. संसर्ग रक्तात उतरला की अवयव बंद पडायला काही तास पुरतात.

सविता यांनी मंगळवारी गर्भपात करून देण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके सुरू होते आणि त्यांच्या जिवाला त्या क्षणी धोका दिसत नव्हता, म्हणून नकार मिळाला. हा 'कॅथलिक देश' आहे, असं आपण बोलल्याचं तिथल्या एका परिचारिकेनं पुढे चौकशीत मान्य केलं. बुधवारी पहाटे ताप आणि नाडी दोन्ही चढले. दुपारी गर्भ आपोआप बाहेर पडला, तोवर जंतुसंसर्ग सर्वांगात पसरला होता. २८ ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला.

यानंतर दोन बाजू पडल्या. गर्भपातविरोधकांचं म्हणणं: कायद्यानं नव्हे, हलगर्जीनं जीव घेतला. यात तथ्य होतं. दाखल होतानाच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, तो अहवाल वेळेत पाहिला गेला नाही. ठरलेल्या अंतरानं नोंदी घेतल्या गेल्या नाहीत. आरोग्य गुणवत्ता प्राधिकरणानं हुकलेल्या १३ संधी मोजून दाखवल्या. दुसऱ्या बाजूनं प्रसूतितज्ज्ञ पीटर बॉयलन यांनी चौकशीत सांगितलं की सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर त्या बहुधा वाचल्या असत्या. पण त्या दोन दिवशी कायद्याची कसोटी पूर्ण होत नव्हती, आणि बुधवारी ती पूर्ण झाली तेव्हा उशीर झाला होता. डॉ. सबरत्नम अरुलकुमारन यांच्या अहवालानंही ठोके थांबेपर्यंत हस्तक्षेप न करण्यावर नको तितका भर दिला गेल्याचं नोंदवलं.

आमच्या मते ही दोन स्पष्टीकरणं एकमेकांना छेद देत नाहीत. नोंदी चुकल्या, हे खरं. पण नोंदी चोख असत्या तरी डॉक्टरला थांबायचंच होतं, आजार 'आरोग्य'कडून 'जीव'कडे सरकेपर्यंत. ज्या व्यवस्थेत थांबणं सक्तीचं आहे तिथे एका अहवालाची चूक प्राणावर बेतते.

बेळगावात काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हा आपल्याकडे खूप विचारला गेला. भारतातल्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात (महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवर तो उभा आहे) जिवाला धोका आणि शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा ही दोन्ही कारणं पहिल्यापासून आहेत. २०१२ मध्ये मर्यादा २० आठवड्यांची होती आणि बारा आठवड्यांपुढे दोन डॉक्टरांचं मत लागे. १७ आठवड्यांच्या अटळ गर्भपातात ठोके थांबायची वाट पाहा, असं तो कायदा सांगत नाही.

मात्र 'आरोग्य' हा शब्द कायद्यात घातला की प्रश्न मिटतो, असंही समजू नये. पोलंडच्या कायद्यात तो होता. तरी घटनात्मक न्यायाधिकरणानं ऑक्टोबर २०२० मध्ये गर्भातल्या व्यंगाचं कारण रद्द केल्यावर, सप्टेंबर २०२१ मध्ये प्श्चिना शहरात ३० वर्षांची स्त्री अगदी याच प्रकारे गेली: २२ वा आठवडा, पाणी गेलेलं, डॉक्टर ठोके थांबायची वाट पाहत होते, आणि जंतुसंसर्ग. तुरुंगाची भीती असली की डॉक्टर कायद्यातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधतो, आणि ती जागा रुग्णासाठी सुरक्षित असेलच असं नाही.

आयर्लंडनं २०१३ मध्ये अखेर कायदा केला, पण १९९२ च्या कसोटीतच. तातडीच्या वेळी एक डॉक्टर, शारीरिक धोक्यासाठी दोन, आत्महत्येच्या धोक्यासाठी तीन (एक प्रसूतितज्ज्ञ, दोन मनोविकारतज्ज्ञ). जन्मठेप जाऊन १४ वर्षं आली. वर्षाकाठी पंचवीसेक गर्भपात या कायद्याखाली होत. डिसेंबर २०१४ मध्ये मेंदू मृत झालेल्या एका गरोदर स्त्रीला डॉक्टरांनी यंत्रांवर ठेवलं, कारण आठवी दुरुस्ती काय सांगते याची त्यांना खात्री नव्हती. यंत्रं काढायला तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

गाठ सोडवण्याची पद्धत

आयर्लंडमध्ये घटना बदलायची तर विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावं लागतं आणि मग सार्वमतात साधं बहुमत लागतं. किमान मतदानाची अट नाही. सोपं वाटतं, पण राजकारणी प्रश्न हातात घेईनात. त्यावर तोड निघाली ती नागरिक सभेची, आणि ती समजून घेण्याजोगी आहे.

वय, लिंग, प्रदेश आणि सामाजिक स्तर यांचं देशातलं प्रमाण राखून ९९ सामान्य नागरिक निवडले गेले. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. नोव्हेंबर २०१६ ते एप्रिल २०१७ या काळात पाच शनिवार-रविवार डब्लिनजवळच्या मालाहाइड इथे बैठका झाल्या. डॉक्टर, वकील, नीतितज्ज्ञ, दोन्ही बाजूंच्या संघटना आणि प्रत्यक्ष या प्रसंगातून गेलेल्या स्त्रिया, सगळ्यांचं ऐकायचं. मग गोल टेबलांवर चर्चा. शेवटी गुप्त मतदान. ८७ टक्क्यांनी कलम आहे तसं ठेवू नये असं सांगितलं. ६४ टक्के तर कारण न विचारता गर्भपाताला परवानगी द्या म्हणाले. यातला दुसरा आकडा ऐकून राजकारण्यांना धक्का बसला. सभेतली माणसं जहाल होती म्हणून नव्हे. तपशिलात शिरल्यावर अपवादांची यादी व्यवहारात चालत नाही हे त्यांना दिसलं.

संसदीय समितीलाही तेच दिसलं. उदाहरण बलात्काराचं घ्या. जवळजवळ सगळे म्हणत, तेवढा अपवाद ठेवा. पण बलात्कार झाला हे ठरवणार कोण? पोलीस तक्रार सक्तीची केली तर तक्रार न करणाऱ्या स्त्रिया वगळल्या जातात. न्यायालयाचा निकाल यायला वर्षं लागतात, गर्भ थांबत नाही. डॉक्टरनं ठरवायचं तर पीडितेची उलटतपासणी दवाखान्यात. शिवाय एव्हाना शेकडो स्त्रिया इंटरनेटवरून गोळ्या मागवून घरी एकट्यानं घेत होत्या, रक्तस्राव वाढला तरी १४ वर्षांच्या शिक्षेच्या धास्तीनं दवाखान्यात जायला कचरत होत्या. समितीनं डिसेंबर २०१७ मध्ये शिफारस केली: कारण विचारू नका, १२ आठवड्यांची मर्यादा ठेवा. बलात्काराचा आणि गोळ्यांचा असे दोन्ही प्रश्न त्यात सुटतात.

मग कलम नुसतं खोडायचं का? वकिलांनी शंका काढली: वाक्य काढलं तरी घटनेतल्या इतर कलमांत न जन्मलेल्याचे हक्क गृहीत आहेत असं एखादं न्यायालय म्हणेल आणि नवा कायदा पाडेल. ७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असा हक्क फक्त ४०.३.३ मधूनच येतो. तरीही सरकारनं खबरदारी म्हणून जागा रिकामी न सोडता एक छोटं वाक्य घालायचं ठरवलं: गर्भ संपवण्याच्या नियमनासाठी कायद्यानं तरतूद करता येईल. बस्स. निर्णय घटनेतून काढून संसदेकडे दिला. विरोधकांचा सगळ्यात जोरदार आक्षेप इथेच होता, की आज १२ आठवडे म्हणतात, उद्याची संसद काहीही करेल. कायद्याच्या अंगानं हे बरोबरच होतं. घटनादुरुस्तीचा हेतूच तो होता.

तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांचे वडील अशोक वराडकर डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. लिओ स्वतःही डॉक्टर. आधी ते गर्भपाताच्या विरोधात होते. २०१४ मध्ये आरोग्यमंत्री असताना त्यांनी संसदेत आठवी दुरुस्ती फार जाचक असल्याचं सांगितलं. मत बदललेला मध्यममार्गी डॉक्टर प्रचाराच्या पुढे असणं कुंपणावरच्या मतदाराला सोयीचं गेलं.

सार्वमतात 'नाही'च्या बाजूचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नव्हते. गर्भ हा माणूस असेल तर त्याचा जीव आईच्या निवडीवर कसा सोडायचा, हा मूळ प्रश्न. अवघड प्रसंगांसाठी सगळ्यांना मोकळीक का, हा दुसरा. डाउन सिंड्रोमच्या गर्भांचं इतर देशांत काय होतं, हा तिसरा. 'हो'च्या बाजूनं पहिल्या प्रश्नाला थेट भिडणं टाळलं आणि काळजी, डॉक्टर, आपल्याच घरातल्या मुली ही भाषा धरली. सविता यांच्या वडिलांनीही बेळगावहून 'हो'साठी आवाहन केलं. आयर्लंडमध्ये परदेशातून टपालानं मत देता येत नाही, त्यामुळे स्थलांतरित तरुण विमानं-बोटी पकडून मतदानापुरते घरी आले.

२५ मे २०१८. मतदान ६४ टक्के, बाजूनं ६६.४ टक्के. १९८३ च्या निकालाचं जवळजवळ आरशातलं चित्र. फक्त डोनेगल मतदारसंघ विरोधात गेला. मतदानोत्तर चाचणीनुसार ६५ च्या पुढचा वयोगट सोडून सर्व वयोगटांत 'हो' पुढे होतं.

आणि २०१६ च्या जनगणनेत ७८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवलं होतं. म्हणजे कॅथलिकांनीच हे मत दिलं. अनाथाश्रम-शाळांतल्या अत्याचारांवरचा आणि डब्लिनच्या धर्मगुरूंच्या अत्याचारांवरचा असे २००९ चे दोन सरकारी अहवाल, ट्युअम इथल्या नन्सनी चालवलेल्या माता-बाल आश्रमातल्या बालकांच्या अवशेषांचा शोध, यांनंतर लोकांनी बारसं आणि लग्न चर्चमध्ये ठेवलं, पण घरातल्या बायकांबद्दल बिशपचा सल्ला घेणं सोडलं.

कायदा प्रत्यक्षात कसा चालतो

नव्या कायद्याखाली गर्भपाताची सेवा १ जानेवारी २०१९ पासून सुरू झाली. आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना ती मोफत आहे. बहुतेक काम रुग्णालयात नाही, फॅमिली डॉक्टरकडे होतं. सरकारी मदतवाहिनीवर फोन केला की सेवा देणाऱ्या डॉक्टरचं नाव मिळतं. पहिल्या भेटीत डॉक्टर आठवडे मोजून दाखला करतो. त्या दाखल्यापासून किमान तीन दिवस जावे लागतात. दुसऱ्या भेटीत पहिली गोळी. एक-दोन दिवसांनी दुसरं औषध घरी. काही दिवसांनी तपासणी करून गर्भ संपल्याची खात्री करायची. साधारण नऊ आठवड्यांपुढे, १२ पर्यंत, रुग्णालयात. महासाथीत, एप्रिल २०२० पासून, फोन किंवा व्हिडिओवरून भेटीची सोय झाली.

गफलत होते ती आठवडे मोजताना. १२ आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. पाळी चुकल्याचं कळेपर्यंत चार आठवडे संपलेले असतात. पाळी अनियमित असेल तर सात-आठ. त्यात सोनोग्राफीची वेळ, सुट्ट्या, आणि तीन दिवस. हे तीन दिवस फोन केल्यापासून मोजत नाहीत, दाखल्यापासून मोजतात, हे अनेकींना उशिरा कळतं. ८४ दिवस झाले की दार बंद. गोळ्यांनी काम झालं नाही आणि तोवर मर्यादा उलटली, तर त्या स्त्रीसाठी कायद्यात वेगळी वाट ठेवलेली नाही.

१२ आठवड्यांपुढे तीन कारणं. जिवाला धोका किंवा आरोग्याला गंभीर हानीचा धोका: दोन डॉक्टर, आणि गर्भ बाहेर जगण्याइतका वाढलेला नसावा. तातडीचा धोका: एकच डॉक्टर. तिसरं, गर्भ जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर २८ दिवसांत मरेल अशी स्थिती: दोन डॉक्टर. २०१९ मध्ये नोंदवलेल्या ६,६६६ गर्भपातांपैकी ६,५४२ बारा आठवड्यांच्या आतले, १०० या तिसऱ्या कारणाचे, आणि पहिली दोन मिळून २४.

सगळ्यात अवघड कलम हे २८ दिवसांचं. मेंदूच बनला नसेल तर निदान सरळ असतं. पण अनेक गंभीर व्यंगांत बाळ दोन आठवडे जगेल की दोन महिने, हे कोणताही तज्ज्ञ छातीठोकपणे सांगू शकत नाही. कायद्याबाहेर गर्भपात केला तर डॉक्टरला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग डॉक्टर सही करत नाही आणि जोडपं पुन्हा इंग्लंड गाठतं. २०१९ मध्ये तिथे आयर्लंडचे पत्ते देणाऱ्या ३७५ जणी होत्या. आदल्या वर्षीच्या २,८७९ च्या मानानं थोड्या, पण त्यात अशी प्रकरणं बरीच. स्त्रीनं स्वतःचा गर्भ संपवला तर मात्र तो आयर्लंडमध्ये आता गुन्हा नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात स्त्री अजूनही गुन्हेगार ठरू शकते, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही.

विवेकाला पटत नसेल तर डॉक्टर किंवा परिचारिका नकार देऊ शकते, तातडीचा प्रसंग सोडून. पण नकार देणाऱ्यानं रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याची व्यवस्था केलीच पाहिजे. कागदावर हे चोख आहे. गावाकडे एकाच डॉक्टरचा दवाखाना असेल तर त्या नकाराची किंमत बसच्या दोन फेऱ्या आणि दोन रजा एवढी होते.

तीन वर्षांनी आढावा घ्यायची अट कायद्यातच होती. बॅरिस्टर मरी ओशे यांचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्या वेळी १९ प्रसूती रुग्णालयांपैकी ११ मध्येच पूर्ण सेवा होती. तीन दिवसांची सक्ती काढून ती स्त्रीच्या इच्छेवर ठेवा आणि डॉक्टरांवरचं फौजदारी कलम हटवा, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. रुग्णालयांची संख्या नंतर वाढली, कारण त्याला फक्त माणसं आणि पैसे लागत होते. कायदा बदलण्याच्या शिफारशी सरकारनं संसदेच्या आरोग्य समितीकडे धाडल्या.

त्यानंतर संसदेनं या विषयावर कायदा केला तो वेगळ्याच गोष्टीवर, २०२४ मध्ये: दवाखाने आणि रुग्णालयांच्या १०० मीटरच्या आत गर्भपातासाठी येणाऱ्यांवर दबाव आणणारी निदर्शनं करायला मनाई. पोलिसांनी आधी समज द्यायची, ती ऐकली नाही तरच गुन्हा. हे अंतर सगळ्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांना लागू आहे, गर्भपाताची सेवा देणाऱ्यांना आणि न देणाऱ्यांनाही, म्हणजे कोणता दवाखाना ती देतो हे दारावरून कळू नये.